निर्माता तोच तारणारा : साष्टीतल्या एका पुराणाची कथा

#इतिहास #दीर्घधागा

१/
इ. स. १६१६. गोव्यातील साष्टी प्रांतात, राचोल (रायतूर) येथील जेझुइट कॉलेजच्या छापखान्यातून एक ग्रंथ बाहेर पडला. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी रोमन आणि ग्रंथकर्ता इंग्रज. जवळजवळ ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुढे ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील मराठी भाषेची स्तुती पाठ्यपुस्तकांमुळे घरोघरी पोचली आहे. पण ती स्तुती म्हणजे मोजक्या ओव्या. उरलेला एवढा थोरला ग्रंथ कशाविषयी आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

२/
ग्रंथाचा विषय एका वाक्यात मावतो. ज्याने विश्व निर्माण केले, त्यानेच त्याची मुक्तता केली; ही दोन्ही कामे एकाच स्वामीची, आणि त्या स्वामीवर दुसऱ्या कोणाचीही सत्ता नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्र याला देवाचे सार्वभौमत्व म्हणते.

वाक्य सोपे आहे. ते सांगायचे होते ते मात्र अशा लोकांना, ज्यांची देवळे हयात माणसांच्या आठवणीत पाडली गेली होती. आणि तीही एका भूतलावरच्या राजाच्या सत्तेखाली. या धाग्याचा विषय हा पेच आहे.

३/
ग्रंथकर्ते फादर थॉमस स्टीफन्स. जन्म सुमारे १५४९ चा, इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला. त्यांच्या तारुण्यात इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीचे राज्य होते. १५५९ च्या कायद्याने राणी हीच इंग्लंडच्या चर्चची सर्वोच्च अधिकारी ठरली होती. रोमच्या पोपला मानणारा कॅथलिक हा त्यामुळे आपोआपच राजनिष्ठेच्या बाबतीत संशयित ठरे. स्टीफन्स यांचे ज्येष्ठ स्नेही थॉमस पाउंड यांनी याच श्रद्धेपायी वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगला. स्टीफन्स काही काळ त्यांच्याबरोबर त्यांचा नोकर असल्याच्या वेषात वावरले, मग रोमला निसटले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

४/
४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला गोवा गाठला. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज. प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले, आणि पूर्वेकडे डोळे लावून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. राल्फ फिच आणि त्याचे सोबती १५८३ मध्ये गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांची सुटका व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत हे पाद्री होते. स्टीफन्स स्वतः परत गेले नाहीत. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४० वर्षे, ते गोव्यातच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टीत.

५/
आता साष्टीकडे वळू. बारदेश आणि साष्टी हे दोन महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. त्याच दशकात साष्टीतील देवळे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज मंगेशी आणि कवळे येथे होणारी गर्दी ही त्या स्थलांतराची खूण आहे. अंत्रूज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता, म्हणून देवांना तिथे आसरा मिळाला. ज्यांना गाव आणि शेत सोडवेना, त्यांतील अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. काहींनी मनापासून, काहींनी नाइलाजाने. कोणी किती मनापासून, याचा हिशेब आज कोणालाही मांडता येणार नाही.

६/
जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा हे काही महिन्यांपूर्वीच फत्तेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारातून परतले होते. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती माणसेही मारली गेली. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. कॅथलिक चर्चने त्या पाच जेझुइटांना हुतात्मे मानले. कुंकळ्ळीने आपल्या गावकऱ्यांना. दोन्ही स्मृती आजही तितक्याच जिवंत आहेत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स यांनी पॅरिसमधल्या आपल्या भावाला या घटनेविषयी सविस्तर लिहिले. त्याच पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांशी जुळते, असेही निरीक्षण आहे. सहकाऱ्यांच्या मृत्यूचा शोक आणि ज्यांच्यात ते मृत्यू घडले त्या लोकांच्या भाषेचे कौतुक, दोन्ही एकाच पत्रात.

७/
अशा प्रांतात ३३ वर्षांनंतर हे पुराण प्रकट होते. त्याच्या पहिल्याच अवस्वरूत (स्टीफन्स यांचा ‘अध्याय’ या अर्थाचा शब्द) एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना प्रश्न विचारतो. त्याचा मथितार्थ असा : तुम्ही आमच्या जुन्या पुराणांवर बंदी घातलीत, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी पुराणे का करून देत नाही? आमच्या लोकांनी वेळ घालवावा कशात?

ही तक्रार साधी नाही. पुराण म्हणजे केवळ करमणूक नव्हे. जग कोठून आले, वाईट का आहे, शेवटी काय होणार, या प्रश्नांची उत्तरे गावाला पुराणातून मिळत. पुराण काढून घेतले की उत्तरेही जातात. प्रश्न मात्र जागच्या जागी राहतात. स्टीफन्स यांनी ही तक्रार लपवली नाही, ग्रंथाच्या दारातच बसवली. एका अर्थी ख्रिस्तपुराण हे बंदीच्या परिणामांवर केलेले भाष्यच आहे, मग ग्रंथकर्त्याचा तसा हेतू असो वा नसो.

८/
रचना पाहण्यासारखी आहे. ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन’ अशा अर्थाचे असून ते दोन भागांत विभागले आहे. पहिले आदिपुराण, ३६ अवस्वरूंचे : विश्वाची उत्पत्ती, आदाम आणि हव्वा, पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, संदेष्टे. दुसरे देवपुराण, ५९ अवस्वरूंचे : येशूचा जन्म, उपदेश, मृत्यू आणि पुनरुत्थान.

म्हणजे उत्पत्तीची कथाही ‘येण्याच्या’ कथेचा पूर्वार्ध म्हणूनच येते. आदिपुराण ही वाट पाहण्याची गोष्ट आहे, देवपुराण ही वाट संपल्याची.

९/
दोन भाग एकाच ग्रंथात बांधण्याला ख्रिस्ती इतिहासात जुने कारण आहे. दुसऱ्या शतकात, इ. स. १४४ च्या सुमारास, रोममध्ये मार्सियन नावाच्या शिक्षकाने मांडले की जग निर्माण करणारा देव वेगळा आणि येशूने प्रकट केलेला दयाळू देव वेगळा. हे दुःखाने भरलेले जग चांगल्या देवाचे असेलच कसे, हा त्याचा सवाल. त्याने ज्यू धर्मग्रंथ बाजूला सारले. चर्चने त्याला बहिष्कृत केले, आणि लिऑनचे बिशप इरेनियस यांनी अशा मतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. पुढे चौथ्या शतकात ऑगस्टीन तारुण्यातील नऊएक वर्षे मानी पंथात होते. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र, परस्परविरोधी तत्त्वे आहेत, असे तो पंथ सांगे. तेथून बाहेर पडल्यावर ऑगस्टीन यांनी आयुष्यभर उलट बाजू मांडली : तत्त्व एकच, देव एकच, वाईट ही स्वतंत्र वस्तू नव्हे, चांगल्याचा तो ऱ्हास.

जग ज्याचे नाहीच, तो जगाला सोडवणार तरी कोणत्या अधिकाराने? आदिपुराण आणि देवपुराण एका दोऱ्यात ओवले आहेत, ते या प्रश्नामुळे.

१०/
आता उत्पत्ती. साष्टीतल्या श्रोत्याला उत्पत्तीच्या कथा नव्या नव्हत्या. भारतीय दर्शनांत तर यावर शतकानुशतके काथ्याकूट झाला होता. घडा घडायला कुंभार लागतो आणि माती लागते. कुंभार हे निमित्त कारण, माती हे उपादान कारण. न्याय-वैशेषिकांचा ईश्वर कुंभारासारखा आहे. परमाणू त्याच्या इतकेच अनादी आहेत आणि तो त्यांची रचना करतो. सांख्यांची प्रकृती स्वतःच उलगडत जाते. अद्वैत वेदान्तात कुंभारही ब्रह्म आणि मातीही ब्रह्म.

ख्रिस्ती सिद्धान्त या तिन्हींत बसत नाही. कुंभार आहे, पण माती नाहीच. देवाने शून्यातून, केवळ आज्ञेने, विश्व अस्तित्वात आणले. स्वतःच्या देहातून काढले नाही, आधीपासून असलेल्या द्रव्यातूनही घडवले नाही.

११/
हा भेद शब्दांनाही अडचणीत आणतो. ‘सृष्टी’ हा शब्दच पाहावा. ‘सृज्’ धातूचा मूळ अर्थ सोडणे, बाहेर टाकणे. कोळी आपल्या पोटातून तंतू काढतो, तसे जग ईश्वरातून बाहेर आले, ही छटा त्या शब्दाला जन्मतःच चिकटलेली. जग देवाचा अंश नाही, तरी पूर्णपणे देवाचे आहे, हे ज्याला सांगायचे आहे, त्याची अशा शब्दाने पंचाईत होते. पण दुसरा शब्द आणणार कोठून? भाषा ही भाड्याच्या घरासारखी असते. आधीच्या बिऱ्हाडाच्या खुंट्या भिंतीत राहतात.

स्टीफन्स यांनी खुंट्या उपटल्या नाहीत. परमेश्वर, मोक्ष, मुक्ती, एवढेच नव्हे तर स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा थेट विष्णूचा लोक दाखवणारा शब्दही त्यांनी घेतला. अर्थ बदलेल तो कथेने, शब्दकोशाने नव्हे, असा यामागचा भरवसा दिसतो. ११ हजार ओव्या ऐकून झाल्यावर ‘वैकुंठ’ म्हणताना श्रोत्याच्या डोळ्यांसमोर दुसरे चित्र उभे राहील, हा तो भरवसा.

१२/
याच्या नेमकी उलट वाट तीन शतकांनी दुसऱ्या एका मराठी ख्रिस्ती व्यक्तीने धरली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या रमाबाईंना त्या शब्दांमागचे तत्त्वज्ञान पुरते ठाऊक होते. म्हणूनच असे भारलेले शब्द टाळून त्यांनी साध्या बायाबापड्यांच्या मराठीचा आश्रय घेतला. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रज माणूस संस्कृतप्रचुर शब्द निःशंकपणे उचलतो आणि संस्कृत पंडिता ते दूर ठेवते! ज्याला धार माहीत असते, तो पाते जपून धरतो.

१३/
पुन्हा साष्टीकडे. सार्वभौम देवाच्या कल्पनेची साष्टीत खरी टक्कर नास्तिकतेशी नव्हती. ती कर्माशी होती. कर्माच्या व्यवस्थेत जो भोग आहे, त्याचा हिशेब जुळतो. आजचे दुःख हे मागच्या कृत्याचे फळ. देवसुद्धा या हिशेबात लुडबुड करत नाहीत. ख्रिस्ती कथेत हा हिशेबच नाही. पुनर्जन्म नाही, प्रारब्ध नाही. जगाच्या मागे नियम नसून एक इच्छा आहे, आणि ती कोणाची तरी आहे.

मग लगेच अवघड प्रश्न येतो. सर्वशक्तिमान स्वामीच्या राज्यात आदाम चुकलाच कसा? त्याला थांबवता आले असते की नाही? आले असते, तर का थांबवले नाही?

१४/
परंपरेचे उत्तर असे : देवाने माणसाला बाहुले केले नाही, इच्छा दिली. जिला नकार देताच येत नाही, ती आज्ञाधारकता कसली? आदामाचा नकार हा देवाचा पराभव नव्हे, कारण तो नकारही देव आपल्या योजनेत वळवून घेतो. पतनाने जे गेले, त्याहून मोठे मुक्तीने मिळाले. पश्चिमी चर्चच्या ईस्टरच्या रात्रीच्या प्राचीन गायनात आदामाच्या अपराधाकडे चक्क कृतज्ञतेने पाहण्याचे धाडस आहे, ते याच विचारातून.

उत्तर सुंदर आहे. ते पुरेसे आहे का, यावर खुद्द ख्रिस्ती जगात रण माजले होते, आणि तेही नेमके याच वर्षांत.

१५/
काळाचा मेळ ध्यानात घ्यावा. ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवले की तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते, पण माणसाची इच्छा मेलेली नसते. ती होकार देऊ शकते, नाकारूही शकते. मग कृपा परिणामकारक होते ती कशाने? देवाच्या सामर्थ्याने की माणसाच्या होकाराने? १५८८ मध्ये लुइस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने लिस्बनमध्ये ग्रंथ छापून माणसाच्या स्वातंत्र्याची बाजू लावून धरली : कोणत्या परिस्थितीत कोण काय निवडेल, हे देवाला आधीच ठाऊक असते आणि त्या ज्ञानाने तो जग चालवतो. डोमिनिकन संघाच्या दोमिंगो बान्येस यांना यात देवाच्या सत्तेला उणेपणा दिसला. वाद रोमला गेला, वर्षानुवर्षे चर्चा झडल्या. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणाच्याच बाजूने निकाल न देता दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, असे फर्मावले.

१६/
ख्रिस्तपुराण आले १६१६ मध्ये. दोनच वर्षांनी, १६१८-१९ मध्ये, हॉलंडमधील डॉर्ड्रेख्त येथे प्रोटेस्टंट धर्मसभा भरली आणि तिने कॅल्विनच्या परंपरेतील कठोर बाजू उचलून धरली : कोण तारला जाणार, हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच, माणसाची कोणतीही पात्रता न पाहता निवडले आहे. ती सभा आटोपली त्याच वर्षी इकडे गोव्यात स्टीफन्स वारले.

युरोपात हा वाद लॅटिनमध्ये, विद्यापीठांच्या दालनांत चालला होता. साष्टीत तोच विषय ओवीत, देवळाच्या ओसरीवर पोचला. तिथे ‘निवड’ आणि ‘होकार’ हे शब्द केवळ तर्कशास्त्राचे नव्हते. ज्याच्या बापाने देव नदीपलीकडे नेला आणि ज्याच्या काकाने बाप्तिस्मा घेतला, त्याच्यासाठी ती घरातली गोष्ट होती.

१७/
सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न पूर्वजांचा. जगाचा निर्माता एकच आणि तारणाराही एकच, तर त्याने ही वार्ता इतकी शतके इथे का पोचवली नाही? आमचे आजेपणजे कोठे गेले?

हा प्रश्न कल्पित नाही. फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानी ख्रिस्तींविषयी नेमके हेच नमूद केले आहे. मेलेल्या आप्तांची सुटका आता होऊ शकत नाही, हे कळल्यावर ते लोक रडत. आणि देव एवढा दयाळू, तर त्याने आमच्या पूर्वजांना आधी का सांगितले नाही, असे विचारत. झेवियर यांनी उत्तर दिले की बऱ्यावाइटाचा विवेक निर्मात्याने प्रत्येकाच्या मनात पहिल्यापासून कोरलेला आहे. तरीही त्या रडण्याने आपणही व्यथित झाल्याची कबुली त्यांनी दिली आहे. त्याच झेवियर यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे.

१८/
या पार्श्वभूमीवर आदिपुराणाची लांबी समजू शकते. ३६ अवस्वरू केवळ वाट पाहण्याचे! निवडलेल्या इस्राएली लोकांनासुद्धा तारणारा हजारो वर्षांनी मिळाला. त्यांच्याही पिढ्यांमागून पिढ्या न पाहताच गेल्या. उशीर हा एका साष्टीच्या वाट्याला आलेला नाही. साऱ्या मानवजातीचाच इतिहास उशिराचा आहे, आणि तो उशीरही स्वामीच्या हातात आहे. आदिपुराण वाचून श्रोत्याच्या मनात हा अर्थ आपोआप उतरत असावा. पूर्वजांच्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नव्हे. पण निदान प्रश्नकर्त्याला एकटे न पाडणारे आहे.

१९/
आणि आता मुक्ती. इथेही शब्दांची गंमत आहे. लॅटिनमध्ये या कृत्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘पैसे भरून परत मिळवणे’. गुलाम किंवा युद्धकैदी सोडवताना तो वापरत. मराठीतील ‘तारण’ मात्र नदीतले आहे : बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे. ‘मोक्ष’ म्हणजे बंधन सुटणे. तीन शब्द, तीन चित्रे. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो, असा शब्द आहे. आज खंडणी म्हटले की वर्तमानपत्रातील गुन्हेवार्ता आठवते. पण मूळ कल्पनेशी हाच शब्द सर्वांत प्रामाणिक आहे. कोणीतरी ओलीस आहे, आणि त्याला सोडवण्यासाठी किंमत मोजली गेली आहे.

२०/
देवपुराणाचा गाभा हा, की किंमत मोजतो तो स्वतः स्वामी. राजा प्रजेसाठी मरतो. ज्याच्या आज्ञेने विश्व झाले, तो रोमी सुभेदार पिलात याच्यासमोर कैदी म्हणून उभा राहतो. योहानाच्या शुभवर्तमानात पिलात त्याला आपल्या अधिकाराची जाणीव करून देतो : तुला सोडणे वा क्रूसावर खिळणे माझ्या हातात आहे. त्यावर कैदी उत्तरतो की वरून दिला नसता, तर तुला माझ्यावर काहीच अधिकार नसता.

पोर्तुगीज कप्तानाचा अंमल रोज अनुभवणाऱ्या गावकऱ्याच्या कानाला पिलातासमोरचा हा प्रसंग कसा लागला असेल? त्याने कोणाला पिलाताच्या जागी पाहिले असेल? ग्रंथाला इन्क्विझिशनच्या काळात छपाईची अनुमती मिळाली, म्हणजे अधिकाऱ्यांना त्यात वावगे दिसले नाही. पण कथा परवानगी देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

२१/
कारण राजसत्ता या चित्रात सगळीकडे आहे. पूर्वेकडील चर्चचा पालक म्हणून पोपने पोर्तुगालच्या राजाला अधिकार दिले होते. ती व्यवस्था ‘पाद्रोआदो’ म्हणून ओळखली जाते. बिशप नेमणे, मोहिमांचा खर्च चालवणे, सारे राजाकडे. सार्वभौम देव आणि सार्वभौम राजा एकमेकांत मिसळून जावेत, अशीच ही रचना होती.

स्टीफन्स यांच्या आयुष्यातील विसंगती येथे ठळक होते. राजसत्तेने धर्म ठरवू नये, या एका गोष्टीपायी त्यांनी इंग्लंड सोडले. त्यांच्याच संघाचे एडमंड कॅम्पियन १५८१ मध्ये लंडनमध्ये फासावर गेले. आणि स्टीफन्स जिथे आले, तिथे राजसत्ताच धर्म ठरवत होती. फक्त तो धर्म त्यांचा होता. याविषयी त्यांनी बंडखोरी केली, असे मुळीच नाही. ते त्या व्यवस्थेचे सेवक होते, साष्टीच्या कॉलेजचे रेक्टर होते. पण तलवारीने जे साधले असे कप्तानाला वाटत होते, ते अजून साधलेले नाही, हे ज्या माणसाला कळते, तोच ११ हजार ओव्या लिहायला बसतो. सत्तेने माणूस चर्चमध्ये येतो. ऐकत बसतो तो कथेने.

२२/
ऐकत लोक बसले, हे नक्की. रविवारी आणि सणांना प्रार्थनेनंतर चर्चमध्ये हे पुराण वाचले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. १६२९ मध्ये एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण छापले. स्टीफन्स यांनीच कोकणीत ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक लिहिले (१६२२), आणि त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोललाच छापले गेले. त्या भाषेचे ते पहिले छापील व्याकरण. या पाद्रींचा अभ्यास किती खोल होता, याचा दाखला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहे : रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेली सोळाव्या शतकातील हस्तलिखिते. जी पुराणे गावांतून हद्दपार झाली, त्यांच्यावर बसून कॉलेजात ओवी शिकली गेली.

२३/
मग वारे फिरले. जून १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. संभाजी महाराजांच्या स्वारीने गोवा हादरून गेल्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. परक्या मुलखाची भाषा हे सरकारच्या डोळ्यांत राजकीय संकट होते. देवाने निर्माण केलेली भाषा राजाने मोडायची, असा हा मामला. हुकूम पुरता अमलात आला नाही, कारण आई मुलाला कोणत्या भाषेत निजवते, हे हुकमाने ठरत नाही. पण स्थानिक भाषांतील छपाई आटली. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही.

२४/
ग्रंथ वाचला तो राजसत्तेच्या हद्दीबाहेर. गोव्यातून कानडी मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते बरोबर नेली आणि जपली. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. त्या पंधरा वर्षांत धर्मगुरू नसताना याच पुराणाच्या पठणाने श्रद्धा टिकली, असे तेथील परंपरा सांगते. ज्या पुराणाची सुरुवात ‘आमची पुराणे काढून घेतलीत’ या तक्रारीने झाली, ते पुढे सगळे काढून घेतलेल्या माणसांच्या तोंडी राहिले. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरच्या हस्तलिखितांवरून ते रोमन लिपीत छापले, तेव्हा अडीचशे वर्षांनी ते पुन्हा उजेडात आले.

२५/
एक धागा उरतो. स्टीफन्स यांनी १६०८ च्या डिसेंबरमध्ये रोमला, जेझुइट संघाचे प्रमुख क्लॉडिओ अक्वाविवा यांना पत्र लिहून विनंती केली होती की इथल्या भाषेतील पुस्तके इथल्याच लिपीत छापण्याची सोय व्हावी. क्लॉडिओ हे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे काका. देशी लिपीचे खिळे काही झाले नाहीत आणि पुराण रोमन लिपीत निघाले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या जुन्या संग्रहात, एक हस्तलिखित आढळले. ख्रिस्तपुराणच, पण देवनागरी लिपीत. आणि रोमन प्रतींत जिथे लॅटिन-पोर्तुगीज शब्द आहेत, तिथे यात अनेकदा संस्कृत शब्द. मूळ ग्रंथ आधी याच रूपात रचला गेला होता की नंतर कोणी त्याला हे रूप दिले, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. छापील देवनागरीत ते येण्यासाठी राचोलच्या त्या पहिल्या आवृत्तीनंतर ३४० वर्षे जावी लागली.